हप्ता रिकाम्या घराचाही भरावा लागतो

‘आम्ही त्रिमूर्तीनगरात राहतो. मी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८५ हजारांच्या आसपास. मुलगी दहावीत आहे. साठवलेले १२ लाख आहेत आणि ते कुठेतरी कामाला लावावेत असं वाटतं. बेसा भागात एका स्कीममध्ये ४२ लाखांचा टू बीएचके पाहिला. एजंट म्हणतो, किरायातच हप्ता निघेल, वर टॅक्सही वाचेल. दुसरीकडे आमच्याच घराचा वरचा मजला सासरे गेल्यापासून बंद पडून आहे. दोन खोल्या, जिना बाहेरून, पण संडास-बाथरूम नाही. घर सासूबाईंच्या नावावर आहे, दीर पुण्याला असतात. सासूबाईंना भीती वाटते की किरायेदार एकदा बसला की निघत नाही. द्यायचंच असेल तर आपल्यातल्याच माणसाला द्या, नाहीतर कुलूप बरं, असं त्या म्हणतात. आम्ही आजवर कुणाला घर दिलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?’
— एक वाचक भगिनी, नागपूर

ताई,

फ्लॅट आत्ता घेऊ नका. वरचा मजला नीट करा, तो किरायाने द्या आणि दोन वर्षं घरमालकीण म्हणून काढा. फ्लॅटचा विचार त्यानंतर करा. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात आणि ‘किरायातच हप्ता निघेल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं.

आधी एजंटचं गणित कागदावर मांडू. ४२ लाखांच्या फ्लॅटला ३२ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला २७,७०० च्या पुढे जातो. किराया आपण १३,००० धरू. पण तो बारा महिने मिळेल असं धरू नका. एक किरायेदार गेला की रंगरंगोटी आणि नवा माणूस शोधण्यात महिना सहज जातो, म्हणून वर्षाचे ११ महिने, म्हणजे १,४३,००० रुपये. त्यातून मेंटेनन्सचे महिना दीड हजार, घरटॅक्सचे सहा हजार आणि दुरुस्तीचे दहा हजार वजा करा. हातात उरतात १,०९,०००, म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या जवळपास. उरलेले साडेअठरा हजार तुमच्या पगारातून दर महिन्याला जाणार. मुलगी आता अकरावीत जाईल, क्लासची फी सुरू होईल, आणि नेमकी तीच दोन वर्षं तुम्हाला सगळ्यात जड जातील. शिवाय ४२ लाखांवर १,०९,००० म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांच्या थोडंसं वर. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते.

तुमचे १२ लाख तर पहिल्याच दिवशी कमी पडतात. १० लाख बिल्डरला द्यायचे. मुद्रांक शुल्क सहाच टक्के धरलं तरी अडीच लाख होतात. नोंदणी शुल्काचे ३०,००० वेगळे. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती घ्यायचीच. पण पंखे, डासांच्या जाळ्या आणि ओटा-कपाटं करायला तरीही पैसे उरत नाहीत.

आणि टॅक्सचं म्हणाल, तर किरायाच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज वजा होतं. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षीचं व्याजच २ लाख ७० हजारांच्या आसपास असेल, म्हणजे कागदावर तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत पगारातून वजा करता येत नाही. तुम्ही दोघं कुठल्या प्रणालीत आहात ते एजंटने विचारलं होतं का? विचारलं नसेल, तर टॅक्स वाचेल हे त्याने कशावरून सांगितलं?

‘भाव वाढेल ना पण,’ असं तुमचे मिस्टर म्हणतील. वाढेलही. पण मिहानच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पाच्या, नावावर वर्धा रोडच्या आजूबाजूला प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. भाववाढीसाठी घर घ्यायचं तर ते लांबच्या मुदतीचं काम आहे, आणि तेवढी वर्षं हप्ता खिशातून भरण्याची ताकद लागते. माझी कसोटी साधी आहे: सहा महिने घर रिकामं राहिलं तरी हप्ता न अडखळता भरता येत असेल तरच किरायासाठी घर घ्यावं. आज तुम्हाला ते जमणार नाही.

आता वरच्या मजल्याकडे येऊ. संडास-बाथरूम, ओट्याची नळजोडणी, वायरिंग, रंग आणि गच्चीचं काम, या सगळ्यासाठी चार लाख धरा. त्रिमूर्तीनगरात किरायेदार शोधायला लांब जावं लागत नाही. परसोडीचं आयटी पार्क जवळ आहे, हिंगण्याची एमआयडीसी आहे, मेट्रो आहे. साडेनऊ हजार किराया मिळाला तर ११ महिन्यांचे १,०४,५०० होतात; खर्च वजा जाता ९० हजार उरतात. साडेचार वर्षांत पैसे वसूल, कर्ज एक रुपयाचंही नाही. उरलेले आठ लाख बँकेत राहतात, मुलीच्या शिक्षणाला हाताशी. आणि काही बिघडलं तर जिना चढून बघता येतं. नवख्या घरमालकासाठी याहून चांगली सोय नाही.

पण एक वीटही लावण्याआधी पुण्याला फोन करा. घर सासूबाईंचं आहे आणि चार लाख तुमचे जाणार आहेत. उद्या वाटणीची वेळ आली की ‘वहिनीने खर्च केला’ हे कुणाला आठवणार नाही, किंवा आठवलं तरी आकडा आठवणार नाही. दीर, जाऊबाई, सासूबाई आणि तुम्ही दोघं, सगळ्यांनी बसून ठरवा: खर्च कोण करणार, किराया कुणाच्या खात्यात येणार, तुमचे चार लाख आधी वसूल होतील का, आणि दीर सुट्टीत आले तर राहतील कुठे. ठरलेलं एका कागदावर लिहा, सगळ्यांनी सह्या करा. नात्यात कागद कशाला, असं वाटेल. मी उलट म्हणेन की नातं टिकवायचं असेल तर कागद हवाच. वरचा मजला मंजूर नकाशात आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या. लेआऊट नियमित होऊन नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळालेलं असेल तर त्याची प्रत शोधून ठेवा; पुढे बांधकामाची परवानगी किंवा विक्री, सगळीकडे तीच विचारतात.

किराया सासूबाईंचं उत्पन्न धरला जाईल, कारण मालकीण त्या आहेत. नव्या प्रणालीत सध्या १२ लाखांपर्यंतच्या पेन्शन-किरायासारख्या उत्पन्नावर कर येत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको. पण किराया त्यांच्याच बँक खात्यात येऊ द्या आणि विवरणपत्र भरावं लागतं का ते एकदा सीएला विचारा.

आता कामाचं, आणि इथे जरा जास्त वेळ घेते. तुमच्या दोन खोल्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो आणि रात्री अकरालाही तो स्लॅब आग ओकत असतो. किरायेदार घर सोडतात ते बहुतेक वेळा अशा कारणाने. हजार रुपये कमी-जास्त केल्याने सोडत नाहीत. म्हणून रंगाच्या आधी गच्ची घ्या. भेगा भरून वॉटरप्रूफिंग करा आणि वरून उष्णता परतवणारा पांढरा थर द्या. हे काम मार्चच्या आत झालं पाहिजे, कारण नंतर मिस्त्री मिळत नाहीत आणि जूनमध्ये पाऊस येतो. सिमेंटची पाण्याची टाकी उन्हात असेल तर तिच्यावर शेड घाला, नाहीतर दुपारी नळाला चटका बसेल असं पाणी येतं.

कूलरची सोय तुम्हीच करा. निदान एका खिडकीबाहेर लोखंडी स्टँड पक्कं बसवा, पाण्याची लाइन आणि सांडपाण्याचा पाइप द्या, आणि अर्थिंगसह स्वतंत्र पॉइंट काढा. मेन बोर्डवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय वरचा मजला कुणालाही देऊ नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. या एका बाबतीत काटकसर केलीत तर मला फार वाईट वाटेल. वायरमनला काम झाल्यावर टेस्टचं बटण दाबून दाखवायला सांगा.

वीज वेगळीच हवी. जिना बाहेरून आहे, ओटा वेगळा होणार आहे, तर वरच्या मजल्यासाठी महावितरणकडे स्वतंत्र मीटरचा अर्ज करा. सब-मीटर लावून काम भागतं असं सगळे सांगतात, पण मग दोन्ही घरांची युनिटं एकाच बिलात येतात. दर टप्प्यांनी चढतात, १०० च्या पुढे, ३०० च्या पुढे, ५०० च्या पुढे. आणि उन्हाळ्यात कुणामुळे बिल वरच्या टप्प्यात गेलं यावर जिन्यातच वाद सुरू होतो.

किरायेदार निघत नाही, ही सासूबाईंची भीती खरी आहे, पण जुन्या काळची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि राहण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीने, दिलेल्या घराला त्याचं कलम २४ लागू होतं. मुदत संपल्यावर माणसाने घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. मात्र त्यासाठी करार नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. कोर्टासमोरच्या टेबलावर स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारून घेतला, म्हणजे नोंदणी झाली असंही नाही.

खर्चाची भीती बाळगू नका. ९,५०० किराया, ११ महिने आणि १९,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क एकूण किरायावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का, म्हणजे तीनशेच्या आत, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. वर करून देणाऱ्याचे पैसे. सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा लावून. करारावर मालक म्हणून सही सासूबाईंचीच लागेल, तुमची नाही. सोबत किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर द्या, त्याची पोच जपून ठेवा.

करारात काय लिहायचं? किती माणसं राहणार, किती गाड्या लागणार, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, पुढच्या वर्षी किती वाढ, रंग कोण देणार, नळ-बटणांची दुरुस्ती कुणाकडे, आणि घराचा वापर फक्त राहण्यासाठी. शेवटचं विसरू नका. वर ट्यूशन क्लास सुरू झाला तर वीजदरही बदलू शकतो आणि तुमच्या सासूबाईंची दुपारची झोपही उडते. किल्ली देण्याच्या दिवशी सगळ्या खोल्यांचे, नळांचे, भिंतींचे फोटो काढा आणि दोघांच्याही फोनवर राहू द्या. डिपॉझिटवरून होणारे निम्मे वाद एवढ्यानेच टळतात.

मुदत कधी संपते याकडेही लक्ष असू द्या. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, कुटुंबं मे-जूनमध्ये घर बदलतात, कॉलेजची मुलं जुलै-ऑगस्टमध्ये. जुलैत सुरू झालेला ११ महिन्यांचा करार मेअखेरीस संपतो, म्हणजे घर रिकामं झालंच तर बाजारात गिऱ्हाईक असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रिकामं झालेलं घर फार वेळ तसंच राहतं.

आता ‘आपल्यातला माणूस’. ताई, याबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. किराया वेळेवर देणं, भिंती नीट ठेवणं आणि जाताना किल्ली हातात देणं हे माणसाच्या आडनावावरून कळत नाही. आपल्या शहरात आडनाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ असं उत्तर ऐकून परत फिरणारी मुलं-मुली आजही आहेत, आणि हे दीक्षाभूमी असलेल्या गावात घडतं याचं मला मनापासून दुःख होतं. तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या वर्गातल्या मुली पाच-सात वर्षांनी पुण्याला, हैदराबादला खोली शोधत फिरतील. त्यांना जे प्रश्न विचारले जावेत असं तुम्हाला वाटतं, तेच तुम्ही विचारा: नोकरी कुठे, किती दिवसांपासून, आधी कुठे राहत होता, ते घर का सोडलं, आधीच्या घरमालकाचा नंबर देता का. तो नंबर फिरवा. पाच मिनिटांचं बोलणं पुरतं. आधार, पॅन आणि कंपनीचं ओळखपत्र पाहा. नातेवाइकाला तर शक्यतो देऊच नका; किराया थकला तर मागता येत नाही, आणि करार नोंदवायचा म्हटलं की त्यांना राग येतो.

सासूबाईंना वासाचा, चपला-बुटांचा, रात्री उशिरा येण्याचा त्रास होईल असं वाटत असेल, तर फाटक किती वाजता बंद होतं हे आधीच सांगा. किरायेदाराच्या ताटात काय आहे, हा त्याचा प्रश्न.

माणूस राहायला आला की ते त्याचं घर. जास्तीची किल्ली आहे म्हणून त्याच्या मागे वर जायचं नाही. पाहणी करायची असेल तर आधी कळवून, सोयीच्या वेळी. किराया थकला म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कायद्याने गुन्हा आहे. थकला तर सहाव्या दिवशी वर जाऊन शांतपणे विचारा; तिसऱ्या महिन्यात विचारण्यात अर्थ नसतो, तोवर डिपॉझिट संपलेलं असतं. आणि नळ गळतोय असा निरोप आला तर त्याच आठवड्यात प्लंबर पाठवा. वर्षअखेरीस बाजारात ५०० रुपये जास्त मिळत असतील, पण माणूस चांगला असेल, तर ते ५०० सोडून द्या. वर्षाचे सहा हजार गेले असं वाटेल. पण तो गेला आणि घर एक महिना बंद राहिलं की साडेनऊ हजार गेले, रंगाचे वेगळे.

फ्लॅटचं दार कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. दोन वर्षांनी मुलीचं शिक्षण कुठल्या वळणावर आहे ते दिसेल, हातात आणखी चार पैसे असतील, आणि किरायेदाराशी बोलायचं कसं हे तुम्हाला कळलेलं असेल. तेव्हा बेसाला पुन्हा जा, पण मे महिन्यात, भर दुपारी, एजंटला न सांगता. तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून स्कीममध्ये आधीच राहणाऱ्यांना विचारा की उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, टँकर किती लागतात, त्याचा खर्च कोण देतं. तळमजला असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ला पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा; त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये घरात पाणी शिरलं, तेव्हापासून नागपुरात हा प्रश्न कुठल्याही भागात विचारायला हवा. भोगवटा प्रमाणपत्र पाहा, महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नंबर संकेतस्थळावर टाकून तपासा, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. किराया किती मिळतो हे एजंटला विचारू नका. त्याच इमारतीतल्या किरायेदाराला विचारा.

सध्या करण्याचं काम एवढंच: या आठवड्यात दीरांशी बोला आणि गच्चीसाठी दोन मिस्त्रींकडून अंदाज घ्या. आणि सासूबाईंना एकदा आधार केंद्रात घेऊन जा. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे बरेचदा जुळत नाहीत. करारावर अंगठा लावायच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आत्ताच ठसे अद्ययावत करून घेतलेले बरे.